वेळेवर, उशिरा, रद्द

आमच्या घराण्यात विसरभोळेपणाला कुणी आजार म्हणत नाही, घरचं वळण म्हणतात. माझे वडील रविवारी स्कूटरवरून मंडईत जात आणि रिक्षातून परत येत. संध्याकाळी जिन्याखालची मोकळी जागा बघून स्कूटर चोरीला गेल्याचा गलका होई, मग घरातलं एखादं पोर जाऊन ती घेऊन येई. आत्याला एका मुलाला हाक मारायची असली तर ती सगळ्या घराची हजेरी घ्यायची. त्यात शेजारच्यांच्या कुत्र्याचंही नाव यायचं, आणि ज्याला बोलावलंय तो आपला आपण ओळखून पुढे व्हायचा. मधले काका एकदा भलत्याच लग्नात जेवून, आहेर देऊन, वर मुलीच्या वडिलांना ‘व्यवस्था उत्तम होती’ असं सांगून आले. अशा घरात कुणी खरोखरच विसरायला लागलं, तर ते कळायचं कसं?

अप्पाकाकांचं कळलं, कारण ते या वळणाचे नव्हतेच.

अप्पा एस.टी.त होते. आधी काही वर्षं कंडक्टर, मग निवृत्त होईपर्यंत साताऱ्याच्या स्टँडवर कंट्रोलर. कागदोपत्री ‘वाहतूक नियंत्रक’, पण तसं त्यांना फक्त पगाराच्या चिठ्ठीने म्हटलं असेल. खिडकीमागे बसायचं, कंडक्टरच्या कागदावर वेळ टाकून सही ठोकायची, माईकवरून गाडी आणि फलाट सांगायचा, आणि समोर हातभर अक्षरांत पाटी असूनही ‘कोल्हापूर किती वाजता हो?’ विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं. वेळापत्रक त्यांच्या डोक्यात असे, भिंतीवरचं लोकांसाठी. घरातला इतिहाससुद्धा ते गाड्यांवरून सांगत. माझा जन्म ‘शेवटची वाई गेल्यावर’ झाला. आजी गेली तेव्हा ‘पहिली पंढरपूर फलाटाला लागत होती’. आणि दुसऱ्याच्या तोंडून चुकीची वेळ ऐकली की त्यांना ती दुरुस्त केल्याशिवाय राहवत नसे. बारशात, साखरपुड्यात, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी ‘साडेसहाची पंढरपूर’ म्हणालं आणि अप्पांनी हातातला घास ताटात ठेवून ‘सहा चाळीस’ म्हणून घेतलं, मगच घास तोंडात घातला.

तर पहिलं लक्षण हे, की अप्पांनी ‘सहा चाळीस’ म्हणणं सोडलं.

एका मुंजीत तसाच विषय निघाला, तीच गाडी, तीच चूक. आम्ही सगळ्यांनी सवयीने अप्पांकडे बघितलं. अप्पा हसले आणि म्हणाले, ‘असेल, असेल.’ काय कौतुक झालं म्हणून सांगू! अप्पा निवळले, वय माणसाला शहाणं करतं, काकूच्या उपासतापासांना फळ आलं. त्याच सुमारास अप्पांनी स्वयंपाकाला नावं ठेवणंही थांबवलं. काकूच्या संसारात ही क्रांतीच होती. आमटी अळणी असो नाहीतर मीठ दोनदा पडलेलं असो, ताट स्वच्छ. या आजारात वासाचं भान फार लवकर कमी होऊ शकतं आणि वासाबरोबर चवही जाते, हे पुढे डॉक्टरांनी सांगितलं. तोवर काकू शेजारणींना ‘आमच्या ह्यांच्यात फार सुधारणा आहे’ असं सांगून मोकळी झाली होती.

लक्षणं निसटतात ती इथे, असं मला वाटतं. आपण चष्मा कुठे विसरला, गॅस बंद केला का, यावर पाळत ठेवून बसतो आणि आजार येतो सद्गुणांच्या वेषात. तापट माणूस थंड होतो, हिशेबी माणूस वर्गणीच्या पावतीवर मागाल तो आकडा टाकतो, बडबड्या माणूस दुसऱ्याचं ऐकून घ्यायला लागतो. अशा वेळी तक्रार तरी काय करायची? ‘डॉक्टर, आमचे काका हल्ली वाद घालत नाहीत’ म्हणून कोण केसपेपर काढेल?

सिनेमात हे सोपं असतं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’मध्ये मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे पंडित भर रस्त्यातून हत्तीच्या मागे चालू लागतात. सिनेमाला हत्ती परवडतो. आमच्या वाट्याला हिंगाच्या डब्या आल्या. संध्याकाळी फिरायला गेले की अप्पा हिंग आणत. घरात हिंग आहे हे त्यांना आठवत नसे आणि काकूने काहीतरी आणायला सांगितलंय एवढं मात्र पक्कं आठवत असे. काकूने त्या डब्या कपाटात एका मागे एक लावून ठेवल्या, अवाक्षर काढलं नाही. आलेल्यागेलेल्याला परत निघताना खणनारळासारखी एक डबी मिळे. मलाही मिळाली. मी ती आनंदाने पुण्याला नेली आणि फोडणीला वापरली.

घरातल्यांच्या आधी बाहेरच्यांना कळलं, हेही सांगायला हवं. राजवाड्याजवळच्या सलूनवाल्याकडे अप्पा महिन्यातून एकदा केस कापायला जात. तिथे ते एका आठवड्यात दुसऱ्यांदा जाऊन बसले. कापायला केस नव्हते. त्या भल्या माणसाने अंगावर कापड टाकलं, कात्री हवेत चालवून आवाज केला, मानेवर पावडर मारली आणि पैसे घेतले नाहीत. ‘मागच्या वेळचे तुमचेच सुट्टे राहिले होते’ म्हणाला. हे त्याने काकूला पुष्कळ दिवसांनी, तेही चुलतभावाच्या मेव्हण्यामार्फत कळवलं. आपल्याकडे वाईट बातमी थेट सांगत नाहीत. ती फाट्यावर उतरते आणि मग पायी घरी येते.

एस.टी.चं प्रकरण त्यानंतरचं. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना 2022 पासून एस.टी.त तिकीट नाही. अप्पांच्या दृष्टीने ती सवलत नव्हती, खात्याने उशिरा का होईना दिलेला मान होता. दर गुरुवारी ते कोरेगावला जुन्या मित्राकडे जात. एका गुरुवारी वाईच्या गाडीत सापडले. कोरेगाव पूर्वेला, वाई उत्तरेला. चूक व्हावी इतक्या या गाड्या एकमेकींसारख्या नाहीत, आणि झालीच तर ती साताऱ्यातल्या कुणाचीही व्हावी, अप्पांची नाही. कंडक्टरने ओळखलं. ‘साहेब, आज इकडं कुठं?’ अप्पा क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘तपासणीला.’ कंडक्टरचा हात आपोआप तिकिटांच्या मशीनकडे गेला म्हणे.

यावर घरात दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, अप्पा भरकटले. दुसऱ्या बाजूचं, हा अप्पांचा नेहमीचा विनोद आहे. अप्पा आयुष्यभर चेहऱ्यावरची रेषही न हलवता असं बोलत आले होते. ‘गाडी कुठपर्यंत आलीय?’ असं एखाद्या प्रवाशाने विचारलं की ते ‘रस्त्यापर्यंत’ म्हणत. अशा माणसाच्या बाबतीत चेष्टा कुठे संपते आणि भ्रम कुठे सुरू होतो, हे ठरवायचं कुणी? मला आजही वाटतं की दोन्ही खरं होतं. चुकीच्या गाडीत बसल्याचं त्यांना वाटेत कुठेतरी कळलं असणार, पण कंट्रोलर गाडी चुकला असं कंडक्टरला कसं सांगणार?

चुलतभाऊ न्यू जर्सीत असतो. तो दर रविवारी व्हिडिओ कॉल करतो आणि ‘बाबा एकदम ठणठणीत आहेत’ असं कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो. त्याची चूक नाही. दहा मिनिटं कुणीही ठणठणीत असतो. हवा कशी, नातू काय करतो, बर्फ पडलं का, या प्रश्नांसाठी स्मरणशक्ती लागत नाही, सौजन्य पुरतं, आणि सौजन्य हे अप्पांच्या सगळ्यात जुन्या सामानातलं. शिवाय काकू चौकटीच्या बाहेर बसून ओठ हलवत असे. सुट्टीत तो आला, चार दिवस राहिला आणि पाचव्या दिवशी ग्रुपवर लेख टाकायला लागला. एका लेखातली आकडेवारी माझ्या लक्षात राहिली. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठी उलटलेल्या दर शंभरांतल्या साधारण सात जणांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे 88 लाख लोक. मला आपली ‘साठी बुद्धी नाठी’ आठवली. ही म्हण रचणाऱ्याने दोन्हीकडून नुकसान केलंय. त्र्याण्णव धडधाकट माणसांना उगाच वेड्यात काढलं आणि उरलेल्या सातांकडे ‘वयाचंच आहे’ म्हणून बघायचं नाही, अशी सोय करून ठेवली.

आणखी एक सामाजिक तक्रार याच ओघात नोंदवून घेते. लग्नकार्यात म्हाताऱ्या माणसासमोर उभं राहून ‘ओळखलंत का मला? सांगा बघू मी कोण?’ असं विचारणाऱ्यांना मंडपाच्या दारातच दंड करावा. विचारणारा हसत असतो, भोवती दहा जण हसत असतात आणि मध्ये एक माणूस तोंडी परीक्षेला उभा असतो. अप्पांनी त्यावर एक उत्तर बसवलं होतं, ‘तुम्हाला कोण विसरेल!’ ते ऐकून विचारणारा खूश होई. हे वाक्य त्यांनी एकदा फोटोग्राफरलाही ऐकवलं, तोही खूश झाला. तेव्हापासून मी त्यांच्याकडे गेले की चपला काढतानाच सांगते, ‘अप्पा, मी. पुण्याची. तुमच्या थोरल्या भावाची.’ काही बिघडत नाही. फोन करताना आपण नाव सांगतोच की.

अप्पांना डॉक्टरकडे न्यायचं कसं, यावर बरीच खलबतं झाली. शेवटी काकूला पुढे केलं. ‘काकू हल्ली फार विसरते, पुण्याला दाखवायचंय, तुम्ही सोबत चला.’ अप्पा लगेच तयार झाले. हिचं विसरणं त्यांना बरेच दिवस खटकत होतं म्हणे.

डॉक्टर मोठ्या हुशार होत्या. त्यांनी दोघांचीही तपासणी करायचं ठरवलं. या तपासणीचा मूळ साचा 1975 साली अमेरिकेत फोल्स्टीन पतिपत्नी आणि त्यांचे एक सहकारी यांनी केला. तीस गुणांचा पेपर. आज वार कोणता, आपण कुठल्या मजल्यावर आहोत, तीन शब्द ऐका आणि थोड्या वेळाने परत सांगा, शंभरातून सात वजा करा, उरले त्यातून पुन्हा सात. शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाला हे प्रश्न लावले तर तो बिचारा बिनआजाराचा नापास होईल, म्हणून हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या लोकांसाठी हिंदीत वेगळा पेपर तयार करावा लागला. काकू मॅट्रिक आहे, तरी तिने वजाबाकीला नकार दिला. ‘शंभरातनं सात काढायचे कशाला? कुणाला द्यायचेत का?’ अप्पा मात्र सरळ सुटले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बाहत्तर, पासष्ट. सुट्ट्या पैशांत आयुष्य गेलेला माणूस तो. मी शेजारी बसून मनातल्या मनात करत होते, ती एकोणऐंशीला अडकले. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं नाही हे बरं झालं.

मग त्यांनी कोरा कागद पुढे केला. ‘घड्याळ काढा, आणि त्यात अकरा वाजून दहा मिनिटं दाखवा.’ ‘सकाळी की रात्री?’ अप्पांनी विचारलं. डॉक्टर हसल्या, आम्हीही हसलो. अप्पांनी वर्तुळ काढलं, बारा आकडे मांडले, अगदी नीट. एक काटा अकरावर टेकवला. मग पेन्सिल थांबली. दहा मिनिटं म्हणजे काटा दोनवर जायला हवा. पण कानात ‘दहा’ शब्द असतो, कागदावर दहाचा आकडा असतो, आणि मधली उडी मेंदूला मारता आली नाही तर हात दहाकडे जातो. याच कारणासाठी तर ही वेळ निवडलेली असते. अप्पांनी दुसरा काटा दहावर टेकवला, कागद लांब धरून बघितला आणि म्हणाले, ‘हां. ठीक आहे.’ काकू भिंतीवरचा हृदयाचा तक्ता वाचायला लागली.

तीन शब्द होते आंबा, खुर्ची आणि नाणं. पाच मिनिटांनी विचारल्यावर अप्पांनी डॉक्टरांकडे बघितलं, मग मान वळवून काकूकडे. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी टिपलं. नंतर आम्हाला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या, की प्रश्न विचारल्यावर माणूस उत्तरासाठी जोडीदाराकडे वळून बघतो, हेही आम्ही लक्षण म्हणून नोंदवतो. मी म्हटलं, ‘डॉक्टर, या हिशेबाने महाराष्ट्रातले सगळे नवरे तुमचे पेशंट आहेत. मोजे कुठे आहेत, आपल्याला साखर किती चालते, पाहुण्यांचं नाव काय, सगळं बायकोकडे बघूनच.’ डॉक्टरांनी त्यावर एकच प्रश्न विचारला, ‘खरंय. पण पूर्वी कसे होते?’

या प्रश्नाने आमची फजिती झाली. चुलतभाऊ म्हणाला, बाबा पूर्वी कडक होते. मी म्हटलं, विनोदी होते. मधले काका फोनवर होते, ते म्हणाले, पूर्वीपासून असाच आहे, काही झालेलं नाही त्याला. इतकी वर्षं एका माणसाला बघत आलेलो आम्ही, पण त्याला नीट बघितलेलं कुणीच नव्हतं. बोलली ती काकू. ‘माझ्याकडे ते पूर्वीही बघायचेच. मी बोलत असले की बघायचे, कुठं चुकतेय ते धरायला. आता बघतात ते काय बोलू हे विचारायला.’

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

नावांच्या प्रश्नांवरून एक अवांतर सांगते. या आजाराला ज्यांचं नाव आहे, ते अलॉइस अल्झायमर 1901 साली फ्रँकफुर्टच्या एका इस्पितळात एका पन्नाशीतल्या बाईंसमोर वही घेऊन बसले होते. ‘नाव?’ ‘ऑगुस्ट.’ ‘आडनाव?’ ‘ऑगुस्ट.’ ‘यजमानांचं नाव?’ ‘ऑगुस्ट, वाटतं.’ पुढे 1906 मध्ये त्यांनी ट्युबिंगेनच्या सभेत ही सगळी हकीकत मांडली तर सभेत कुणाला एक शंकाही विचारावीशी वाटली नाही. आणि गंमत अशी, की विस्मरणाच्या या पहिल्या रुग्णाची फाईलच पुढे कित्येक दशकं सापडत नव्हती. 1995 साली ती फ्रँकफुर्टमध्येच मिळाली, जिथे असायला हवी होती तिथे. आमच्या वडिलांच्या स्कूटरसारखी.

आमच्या डॉक्टरांनीही विचारलं, ‘पत्नीचं नाव?’ अप्पा म्हणाले, ‘लग्नाआधीचं की नंतरचं?’ आम्ही पुन्हा हसलो. पण त्यांनी सांगितलं ते आधीचं, कुसुम. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने ‘सुनंदा’ लिहिलं गेलं, तेव्हापासून कुसुम हे नाव कुणी उच्चारलेलं नव्हतं. माझ्या पिढीत तर कुणाला माहीतही नव्हतं. आठवणी जातात त्या नव्या आधी, जुन्या सगळ्यात शेवटी, असा नियम रिबो नावाच्या फ्रेंच माणसाने 1881 साली लिहून ठेवला आहे. काकूला त्या नियमाचा पुढे घरबसल्या अनुभव आला. अप्पा हल्ली तिला कुसुम म्हणूनच हाक मारतात. मी विचारलं, ‘कसं वाटतं गं?’ म्हणाली, ‘ह्यांनीच बदललं होतं, ह्यांनीच परत केलं. पन्नास वर्षं वापरून.’

डॉक्टरांनी लगेच शिक्का मारला नाही. विसरायला होण्याची आणखी पुष्कळ कारणं असतात म्हणाल्या, आणि त्यातली काही दुरुस्त होतात. थायरॉइड मंदावलेलं असतं, रक्तातलं सोडियम उतरलेलं असतं, झोपेच्या किंवा ॲलर्जीच्या एखाद्या गोळीने डोकं जड झालेलं असतं, म्हातारं माणूस आतून खचलेलं असतं आणि आपण त्याला विसराळू समजतो. आणि बी-12. आमच्यासारख्या पिढ्यान्‌पिढ्या वरणभातावर वाढलेल्या घरात ते कमी असणं नवलाचं नाही. झालं! रिपोर्ट येईपर्यंत सगळ्या घराण्याचं लक्ष बी-12 वर. आत्याने तर बी-12 कमी निघू दे म्हणून मारुतीला नारळ बोलला. आपल्या माणसाच्या रक्तात काहीतरी कमी निघावं म्हणून नवस बोलणारं आमचं एकमेव कुटुंब असावं. आणि ते निघालंही कमी. साताऱ्यातून कंदी पेढे वाटले गेले. इंजेक्शनं सुरू झाली, कानाचं मशीन आलं. ऐकू न येण्याकडे दुर्लक्ष करणं हेही या आजाराचा धोका वाढवणाऱ्या कारणांत धरतात, 2024 च्या ‘लॅन्सेट’च्या चौदा कारणांच्या यादीत ते आहे. अप्पा तरतरीत दिसू लागले. गुरुवार-शुक्रवारचा घोळ कमी झाला. पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी पुन्हा घड्याळ काढायला सांगितलं. वर्तुळ पहिल्यापेक्षा गोल आलं. काटा दहावरच गेला.

‘हे कधीपासून असेल?’ असं डॉक्टरांनी पहिल्या भेटीत विचारलं होतं आणि आम्ही प्रत्येकाने वेगवेगळा सण सांगितला होता. आगाथा ख्रिस्तीचं कुणी निदान केलं नव्हतं, पण टोरांटोच्या काही अभ्यासकांनी 2009 साली तिच्या कादंबऱ्या कॉम्प्युटरवर तपासल्या. शेवटच्या काळातल्या एका कादंबरीत तिची शब्दसंपत्ती आटलेली आणि मोघम शब्द वाढलेले दिसले. 1972 च्या त्या कादंबरीच्या नावाचा अर्थ होतो ‘हत्तींना आठवतं’. हे मी कुठेतरी वाचलेलं काकूला सांगितलं, तर ती उठली आणि ट्रंकेतून अप्पांच्या डायऱ्या घेऊन आली. ‘कादंबऱ्या नाहीत लिहिल्या बाई. पण हे आहे.’

अप्पा रोज चार ओळी लिहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या कुणी वाचल्या नव्हत्या, कारण त्यात काही नसणार याची खात्री होती. दूध एक लिटर. पाऊस नाही. वाईची 7.10 आज 7.25 ला. निवृत्तीनंतरही ते सकाळी स्टँडवर चक्कर मारून गाड्यांचे उशीर टिपत. मग काही वर्षांपूर्वीपासून त्या नोंदींत वेगळ्याच गाड्या यायला लागल्या होत्या. ‘राजवाड्यावर गणपतराव भेटले. नाव 10 मि. उशिरा.’ ‘शेवग्याच्या शेंगा, शब्द 5 मि. उशिरा. बाजारात हाताने दाखवल्या.’ ‘पोस्टातले साहेब. नाव आलं नाही. रद्द.’ ‘बोगद्याकडून येताना वळण चुकलं. 20 मि. हिला सांगितलं नाही.’

आम्ही कुठली लक्षणं ओळखणार! माणूस स्वतःच खिडकीत बसून आपल्या डोक्यातली आवक-जावक टिपत होता. काही मार्ग कायमचे बंद झालेले दिसत होते. काही नावं आठवडाभर वेळेवर येऊन पुन्हा उशिरा धावत होती. कुठेही हळहळ नाही, कारणमीमांसा नाही. उशीर का झाला हे लिहायची कंट्रोलरला सवय नसते, किती झाला एवढंच. त्या मुंजीच्या तारखेचं पान मी मुद्दाम काढलं. जेवणात काय होतं ते लिहिलं होतं, आणि खाली, ‘पंढरपूर 6.30 की 6.40? खात्री नाही. बोललो नाही.’

माईकवरून चुकीची गाडी पुकारायची नाही, एवढा नियम त्यांनी पाळला होता आणि आम्ही त्याला निवळणं म्हणत होतो.

डायरी वाचणं बरोबर नाही हे समजत असूनही मी पुढची पानं उलटली. शोधत होते स्वतःला, दुसरं काय. सापडले मी. दिवाळीनंतरची तारीख. ‘दूध 1 लि. थंडी. पुण्याची पुतणी आली. चकल्या आणल्या. नाव वेळेवर.’

मला इतका आनंद झाला की मी ते पान काकूला नेऊन दाखवलं. ती पोळ्या लाटत होती. तिने चष्म्याच्या वरून वाचलं आणि पुन्हा लाटायला लागली.

‘काय गं?’

‘काही नाही. त्या दिवशी तू बाहेर चपला काढत होतीस ना, तेव्हा ते आत येऊन मला विचारून गेले होते, कोण आलीय म्हणून.’

‘पण इथे तर वेळेवर लिहिलंय.’

‘पेन कुणाच्या हातात होतं?’ काकू म्हणाली. ‘आणि ती डायरी परत ट्रंकेत ठेव. उजव्या कोपऱ्यात, स्वेटरच्या खाली. डावीकडे ठेवलीस तर रात्रभर शोधत बसतील.’